युद्धाची प्रतीती आणि नागरी मन

युद्धविषयक वाङ्मयाचा विचार करताना एक समजूत बहुधा तपासून न पाहताच स्वीकारली जाते. ज्याने युद्ध डोळ्यांनी पाहिले त्याला त्याचा वीट येतो आणि ज्याने ते केवळ ऐकले तोच त्याचे पोवाडे गातो, अशी ती समजूत आहे. तिच्यात तथ्यांश आहे, म्हणूनच ती टिकून राहिली. परंतु तथ्यांश म्हणजे सत्य नव्हे. युद्धाची झळ सोसलेली माणसे पुढे युद्धाला अनुकूल राहिल्याची, किंबहुना त्याची सिद्धता अधिक कसोशीने करू लागल्याची उदाहरणे इतिहासात जागोजाग आढळतात. आणि रणभूमीवर कधी पाऊलही न टाकलेल्या लेखकाने युद्धाचे मर्म अचूक पकडल्याची उदाहरणेही वाङ्मयात आहेत. तेव्हा प्रत्यक्ष अनुभवाने नागरिकाच्या मनात नेमका कोणता पालट होतो, हा प्रश्न नव्याने विचारणे अगत्याचे ठरते. टीकाकाराला तर तो टाळताच येणार नाही; कारण ‘अनुभवाचा सच्चेपणा’ ही कसोटी तो युद्धकवितेला आणि युद्धकथेला वारंवार लावीत असतो.

या प्रश्नाच्या विचारासाठी चंदीगढइतके सोयीचे शहर भारतात क्वचितच सापडेल. १९४७ च्या फाळणीत लाहोर गेले, पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून हे शहर वसविण्यात आले. म्हणजे त्याच्या जन्माचे कारणच एका हिंसक उत्पाताशी निगडित आहे. १९६५ च्या युद्धात जवळच्या अंबाल्यावर पाकिस्तानी विमानांनी बाँब टाकले आणि तेथील छावणीतील सेंट पॉल चर्च उद्ध्वस्त झाले. १९८५ मध्ये भूदलाच्या पश्चिम कमांडचे मुख्यालय सिमल्याहून शहरालगतच्या चंडीमंदिर येथे आले. त्याच वर्षी सेक्टर १ मध्ये ल कॉर्ब्यूझ्येने कल्पिलेला ‘उघडा हात’ त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी उभा राहिला. देण्यासाठी आणि घेण्यासाठी उघडलेला हा हात त्याने शांततेचे प्रतीक म्हणून योजिला होता. सेक्टर ३ मधील युद्धस्मारक २००६ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते खुले झाले. त्यावर कामी आलेल्या आठ हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये सुखना सरोवराकाठी सैनिकी वाङ्मयाचा महोत्सवही प्रथम भरला. शांततेचा हात आणि युद्धात पडलेल्यांची नावे ही दोन्ही जवळजवळ बाळगणाऱ्या या शहराला मे २०२५ मध्ये आपल्या मनाची परीक्षा द्यावी लागली.

७ मे रोजी नागरी संरक्षणाच्या सरावासाठी शहरातील दिवे मालविले गेले. ८ मेच्या रात्री ते खरोखरच मालवावे लागले आणि ९ मेच्या सकाळी हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचे भोंगे वाजले. १० मे रोजी शस्त्रसंधी झाली. त्याच दिवशी सेक्टर १८ मधील टागोर थिएटरवर नागरी संरक्षण दलाचे स्वयंसेवक म्हणून नाव नोंदविण्यासाठी तरुणांची रीघ लागली होती. वरील समजूत खरी मानली तर भोंगा ऐकलेल्या या तरुणांनी युद्धापासून मागे सरायला हवे होते. ते सरले नाहीत. परंतु ज्या कामासाठी ते आले होते ते काम कोणते, इकडे लक्ष दिले पाहिजे. जखमींना हलविणे, प्रथमोपचार करणे, रक्त मिळवून देणे, अंधाराचा नियम पाळला जातो की नाही हे पाहणे. नागरी संरक्षणाचे काम ते हेच. तारुण्यातील उत्साहाचा भाग त्यात होताच, आणि घोषणांचाही असेल. तथापि त्या उत्साहाला जो आकार मिळाला तो भोंग्याने दिलेला होता. शत्रूला धडा कसा शिकवावा, या प्रश्नाच्या जोडीला आपल्या गल्लीतील म्हाताऱ्या माणसाला खाली कोण आणील, हा प्रश्न येऊन उभा राहिला.

प्रत्यक्ष अनुभवाचे कार्य येथे दिसते. तो माणसाचे मत बदलतोच असे नाही. तो माणसाचे प्रश्न बदलतो. युद्ध व्हावे की न व्हावे, याचे उत्तर अनुभवी माणूस कोणतेही देवो. त्या उत्तराकडे जाताना त्याला पाणी, धान्य, वाट, अंधार, चुकामूक या गोष्टी ओलांडून जाता येत नाही. पंजाबच्या सीमेवरील शेतकऱ्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. डिसेंबर २००१ नंतर सैन्याची जमवाजमव झाली तेव्हा सीमेलगतच्या शेतांत सुरुंग पेरले गेले आणि ती जमीन कसणे बंद पडले. सप्टेंबर २०१६ च्या अखेरीस सीमेपासून दहा किलोमीटरच्या आतील गावे रिकामी करण्याचा हुकूम निघाला, तो भाताच्या कापणीच्या तोंडावर. अनेकांनी बायकामुले नातलगांकडे पाठविली आणि आपण पिकासाठी मागे राहिले. या शेतकऱ्यांची देशनिष्ठा कोणाहून उणी नव्हती. कित्येक घरांतील मुलगे सैन्यातच होते. परंतु युद्धाच्या वार्तेबरोबर उभ्या पिकाचा विचार त्यांच्या मनात येत होता. तो दूरच्या शहरातील माणसाच्या मनात येत नव्हता, एवढेच.

हे सूत्र मराठी वाङ्मयाला परके नाही. चंदीगढहून दिल्लीकडे जाणारा राजरस्ता पानिपतावरून जातो, आणि १४ जानेवारी १७६१ च्या त्या रणातून वाचलेल्या एका नागरिकाचे निवेदन मराठीत उपलब्ध आहे. नाना फडणवीस त्या वेळी पुरत्या एकोणीस वर्षांचाही नव्हता. तो लढवय्या नव्हता. फडणिशीचा वारस होता आणि तीर्थयात्रेच्या ओढीने आईसह सैन्याबरोबर उत्तरेत आला होता. पराभव झाला, वस्त्रे टाकून त्याला जीव वाचवावा लागला, आईची कायमची ताटातूट झाली. त्याच्या छोटेखानी आत्मचरित्राचा शेवटचा आणि सर्वांत जिवंत भाग तो हाच. त्यात रणांगणाचे वर्णन फारसे नाही. पळणाऱ्या एका भुकेल्या तरुणाला कोठे आसरा मिळाला आणि कोठे धोका भेटला, याचा तो हिशेब आहे. या अनुभवाने नाना युद्धविरोधी झाला काय? मुळीच नाही. पुढे मराठी राज्याची सूत्रे हलविताना त्याने युद्धे चालविली. इंग्रजांशी चालविलेले युद्ध १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने संपले आणि १७९५ मध्ये खर्ड्याची मोहीम झाली. परंतु त्याच्या राजकारणाचा भर तह, फोडाफोड, पैशाची तरतूद आणि बातमीदारी यांवर राहिला. पानिपताने त्याला अहिंसक केले नाही. रसद आणि परतीची वाट यांचा विचार आधी करणारा मुत्सद्दी घडविण्यात मात्र त्या अनुभवाचा वाटा असावा, असे मानण्यास जागा आहे.

दुसरा साक्षी अधिक मोलाचा. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे या साध्या हेतूने चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. १८५८ च्या वसंतात झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी लिहिलेला ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. मराठीत नागरिकाने लिहिलेले युद्धाचे इतके प्रत्ययकारी निवेदन दुसरे नाही. या ग्रंथाचा एक विशेष पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. त्यात दोन प्रकारचे गद्य आहे. बंडाची कारणे सांगताना गोडसे भटजी ऐकीव गोष्टी सांगतात: इंग्रज सरकारने धर्म बुडविण्यासाठी काढलेली कलमे, राजेरजवाड्यांपुढे झालेली त्यांची चर्चा, इत्यादी. हा भाग रंगतदार आहे. त्यातील पात्रे मोठमोठी भाषणे करतात आणि प्रत्येक गोष्टीला कारण सापडते. पण झाशीच्या वेढ्याशी निवेदन येताच त्या गद्याचे रूप पालटते. वाक्ये आखूड होतात. गोळे कोठे पडत, पाणी कसे आणावे लागे, कोणत्या घरात कोण लपले, हे येते. शहर पडल्यानंतरच्या लुटीचाही क्रम येतो. आधी सोनेनाणे, मग भांडी, मग कापडचोपड आणि धान्य. कारणांची चर्चा थांबते. एकाच लेखकाच्या एकाच ग्रंथात ऐकलेले युद्ध आणि पाहिलेले युद्ध अशी शेजारी ठेवलेली सापडावीत, ही टीकाकाराला मिळालेली दुर्मीळ संधी आहे.

येथेही निष्कर्ष घाईने काढता कामा नये. गोडसे भटजी युद्धाचा धिक्कार करीत नाहीत. राणीविषयी त्यांना अपार आदर आहे, तिचा पक्ष त्यांना धर्माचा वाटतो. परंतु त्यांनी काढलेले राणीचे सर्वांत स्मरणीय चित्र लढाईतले नाही. झाशीतून निसटल्यानंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी ती त्यांना भेटते. ती तहानलेली आहे, भटजी पाणी काढून देऊ म्हणतात आणि विद्वान ब्राह्मणाला हे कष्ट नकोत म्हणून ती स्वतःच दोरी हाती घेते. आदर आहे, पक्षपात आहे, आणि तरीही दृष्टी दोरीवर आणि मडक्यावर आहे. प्रतीतीने पक्ष सुटला नाही; पक्ष घेण्याची तऱ्हा मात्र बदलली.

या दोन साक्षींच्या वारशाचे मराठी वाङ्मयाने पुढे काय केले? पानिपताचा मराठी भाषेत वाक्प्रचार झाला. निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराचे पानिपत होते, परीक्षेत नापास झालेल्या मुलाचेही होते. एखाद्यावर संक्रांत कोसळते तेव्हा ती कोणत्या सालची याची आठवण कोणाला राहत नाही. शब्द झिजणे हा भाषेचा धर्म आहे, त्यात दोष देण्यासारखे काही नाही. परंतु शब्द इतका गुळगुळीत होतो तेव्हा त्यामागील अनुभव समाजाच्या नित्य स्मरणातून निघून गेला आहे, असे समजावे. पश्चिम आणि उत्तर सीमेपासून दूर असलेल्या महाराष्ट्राने १९६२, १९६५ आणि १९७१ ची युद्धे बहुतांशी वर्तमानपत्रांतून आणि नभोवाणीवरून अनुभवली. मुंबईने काळोख्या रात्री पाहिल्या, हे खरे. पण त्या रात्रींतून वाङ्मय फारसे निघाले नाही. चिनी आक्रमणाच्या वेळी कुसुमाग्रजांसारख्या श्रेष्ठ कवीनेही आवाहनाची कविता लिहिली. तिचा आवेश प्रामाणिक होता आणि त्या घटकेला समाजाला तिची गरज होती. पण आवाहन ही दूर असलेल्यांनी दूर असलेल्यांना घातलेली साद असते. तिच्यात दोरी आणि मडके यांना जागा नसते.

मराठी समाजाला युद्धाचा अनुभवच नव्हता, असा मात्र याचा अर्थ नव्हे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाला ‘मिलिटरी’ हे उपपद लागले आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण मारले गेले, असे तेथील स्मारक सांगते. मराठा आणि महार पलटणींत गेलेल्या हजारो घरांना युद्ध ठाऊक होते. पण जे गेले त्यांनी लिहिले नाही आणि जे लिहीत होते ते गेले नाहीत. रणांगणाचे ज्ञान साताऱ्याच्या आणि कोकणाच्या खेड्यांत राहिले, तर लेखणी पुण्यामुंबईत राहिली. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेली विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी या नियमाला एक लक्षणीय अपवाद आहे. आणि तिच्यात रणांगण नाहीच. युरोपातून पूर्वेकडे निघालेली एक बोट आहे, तिच्यावर देशोधडीला लागलेले ज्यू निर्वासित आहेत, आणि एका मराठी तरुणाच्या मनात घडणारी उलथापालथ आहे. युद्ध नागरिकाच्या आयुष्यात पहिली तोफ डागली जाण्यापूर्वीच कसे शिरते, हे बेडेकरांनी पाहिले होते, म्हणूनच ते त्यांना दाखविता आले.

मग ज्याने पाहिले नाही त्याने लिहूच नये काय? या प्रश्नाचे उत्तर पंजाबच्याच जीवनातून आलेल्या दोन कृती देतात. चंद्रधर शर्मा गुलेरी फ्रान्सच्या खंदकांत कधी गेले नव्हते. तरी १९१५ मध्ये ‘सरस्वती’ मासिकात आलेली त्यांची ‘उसने कहा था’ ही हिंदी कथा आजही जिवंत आहे. शीख सैनिकांच्या त्या कथेत खंदकाचे जे चित्र आहे त्याच्या मध्यभागी थंडी आहे: आजारी बोधाला लहनासिंग आपली कांबळी आणि जर्सी देतो आणि स्वतः कुडकुडत पहारा करतो. गुलेरींनी शौर्याविषयी विचारण्याआधी पांघरूण कोणाजवळ आहे, हे विचारले. डॉ. मुल्कराज आनंद यांचे उदाहरण याच्या उलट बाजूचे. त्यांचे वडील पलटणीत होते. आनंद स्वतः १९३७ मध्ये यादवीने पेटलेल्या स्पेनमध्ये गेले आणि ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ या कादंबरीचा कच्चा खर्डा त्यांनी तेथेच केला. १९४० मध्ये ती प्रसिद्ध झाली. पुढे ते चंदीगढच्या पंजाब विद्यापीठात टागोर प्राध्यापक होते आणि आयुष्याचा अखेरचा काळ महाराष्ट्रात काढून २००४ मध्ये पुण्यास वारले. कोणासाठी आणि कशासाठी लढत आहोत हे न कळता चिखलात उभा असलेला त्यांचा लालू आणि गुलेरींचा लहनासिंग हे एकमेकांना ओळखतील. एकाच्या लेखकाने युद्ध पाहिले होते, दुसऱ्याच्या लेखकाने कल्पिले होते. दोघांनी विचारलेले प्रश्न मात्र एकाच जातीचे होते. साक्षीची शिस्त कल्पनेलाही साधता येते, एवढे यावरून सिद्ध होते. आणि केवळ ‘लेखक तेथे होता’ म्हणून कृतीला गुण देणारी टीका किती अपुरी आहे, हेही.

अनुभवाचे उदात्तीकरण करण्याचा मोहही टाळला पाहिजे. ज्याने सोसले तो शहाणाच होतो, असा नियम नाही. फाळणीची होरपळ घेऊन आलेल्या माणसांपैकी काहींच्या मनात करुणा वाढली, तर काहींच्या मनात द्वेष कायमचा गोठला. ‘काय उरले?’ हा प्रश्न ‘कोणामुळे गेले?’ या प्रश्नाकडे केव्हा वळेल, हे सांगता येत नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ जणांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. ज्यांनी आपल्या माणसाचा मृत्यू डोळ्यांदेखत पाहिला त्यांच्यापैकी अनेकांनी कठोर प्रतिकाराची मागणी केली. तिचा त्यांना पूर्ण अधिकार होता. त्यांच्यातीलच एका तरुण विधवेने एखाद्या समाजावर राग काढू नका, असे म्हटले. तेव्हा तिच्यावर आग पाखडली ती काहीही न पाहिलेल्यांनी. या घटनेत चिंता वाटण्याजोगी गोष्ट मतभेद ही नाही. साक्षीदाराने काय बोलावे हे ऐकणाऱ्यांनी ठरवू लागावे, ही खरी चिंतेची गोष्ट आहे.

या चिंतेला नव्या काळाने एक नवे कारण पुरविले आहे. पाहणे आणि अनुभवणे या दोहोंची फारकत झाली आहे. मे २०२५ च्या त्या रात्री पुण्यातील माणूस पडद्यावर क्षेपणास्त्रे पाहत होता आणि आपण युद्ध पाहिले, असे त्याला वाटत होते. चंदीगढच्या माणसाची अवस्था याहून चमत्कारिक होती. खोलीत अंधार होता, खिडकीला पडदे होते, आणि हातातील यंत्रावर कराचीचे बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या, शत्रूची शहरे हाती आल्याच्या वार्ता येत होत्या. त्या वार्ता पुढे खोट्या ठरल्या. गोडसे भटजींच्या ग्रंथातील दोन गद्ये येथे एकाच माणसाच्या एकाच रात्रीत एकत्र आली: एक ऐकीव, रंगतदार, प्रत्येक गोष्टीला कारण आणि विजय पुरविणारे, दुसरे आखूड, अंधारातले, उद्या दूध मिळेल का आणि मूल घाबरेल का एवढेच विचारणारे. पहिल्याचा आवाज मोठा होता. दुसरे जवळजवळ कोठेच लिहिले गेले नाही.

ते लिहिले जावे आणि मराठीत यावे, ही जबाबदारी कोणाची? सैन्याची नव्हे, वृत्तवाहिन्यांची तर नव्हेच. ती वाङ्मयाची आहे. सीमेवरील पंजाबी, डोगरी आणि काश्मिरी भाषांत जे अनुभव साठले आहेत ते भाषांतराने महाराष्ट्रात आले पाहिजेत. अपशिंग्यासारख्या गावांत तोंडी राहिलेले अनुभव तेथील माणसांच्या बोलीत लिहून घेतले गेले पाहिजेत. लोकशाहीत युद्धाविषयीचे मत ज्यांनी ते पाहिलेले नाही असे बहुसंख्य नागरिक बनवीत असतात. त्यांना प्रत्यक्ष अनुभव देता येत नाही आणि तो त्यांच्या वाट्याला येऊ नये, अशीच इच्छा कोणीही करील. परंतु अनुभवी माणसाचे प्रश्न त्यांना देता येतात. ते देणारे वाङ्मय युद्धाच्या बाजूचे की विरुद्ध, हा विचार टीकाकाराने दुय्यम मानावा. युद्धाचा निर्णय करणाऱ्या समाजापुढे ती कृती विहीर, दोरी आणि तहानलेले माणूस आणून उभे करते की नाही, हे त्याने आधी पाहावे. या कसोटीवर एका भिक्षुकाचा ‘माझा प्रवास’ आजही मराठीतील कित्येक वीररसप्रधान कृतींच्या पुढे उभा आहे. आणि त्याच्या शेजारी ठेवता येईल असे फार थोडे त्यानंतर लिहिले गेले, हे मराठी लेखकांनी आणि टीकाकारांनी मनावर घ्यावे असे आहे.